सुलोचनाबाईंचे ऐकणारे



सुलोचना चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला गेल्या. तेव्हा पेपरांत जे जे छापून आलं त्याची कात्रणं मी कापून ठेवली होती. जुनी सवय, शाळेच्या भित्तिपत्रकापासूनची. परवा कपाट आवरताना ती हाती लागली आणि आवरणं राहिलं बाजूला. सगळी वाचून काढली. बहुतेकांत तीच चार वाक्यं. लावणीसम्राज्ञी, आवाजातला ठसका, पद्मश्री, आणि दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. खोटं त्यात काहीच नाही. पण बाईंना ऐकणारे कोण होते, कसे ऐकत होते, आणि पन्नास-साठ वर्षांत त्या ऐकण्यात काय फरक पडला, यावर कुणी फारसं लिहिलेलं दिसलं नाही. ते मला ठाऊक आहे, निदान आमच्या हिंगोलीपुरतं. म्हणून हा लेख. लांबला तर कंटाळू नका.

आधी बाईंबद्दल थोडं, कारण नव्या मंडळींना त्या 'म्हाताऱ्या पद्मश्री आजी' एवढ्याच माहीत असतील.

जन्म १३ मार्च १९३३ चा, मुंबईतला. माहेरच्या कदम. गिरगावातली फणसवाडी हे त्यांचं गाव म्हणायला हरकत नाही. लहानपणी गणपतीच्या मेळ्यांतून कामं केली. गाणं कुणाकडे बसून शिकल्या नाहीत, ऐकून ऐकून शिकल्या. वत्सलाबाई कुमठेकरांच्या लावणीची तबकडी त्यांना वेड लावून गेली. ती पुन्हा पुन्हा ऐकायची, गुणगुणायची, आणि त्यावरून आईची बोलणी खायची. हा तपशील मला फार आवडतो. जी बाई पुढे साऱ्या महाराष्ट्राला लावणी ऐकवणार होती, ती स्वतः आधी घरच्यांची बोलणी खात लावणी ऐकणारी मुलगी होती!

पुढे हिंदी चित्रपटांत त्या सुलोचना कदम या नावाने पार्श्वगायन करू लागल्या. १९५१ च्या 'ढोलक' मधली श्यामसुंदर यांच्या चालीवरची त्यांची गाणी जुने शौकीन अजून काढून ऐकतात. लावणी त्यांच्याकडे आली ती 'हीच माझी लक्ष्मी' या चित्रपटातून. संगीत वसंत देसाईंचं, आणि पडद्यावर हंसा वाडकर. 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी आचार्य अत्र्यांनी दिली. अत्रे शिव्या द्यायलाही मोठे आणि पदव्या द्यायलाही मोठे. लग्न झालं ते चित्रपट-दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी. शब्द कुठे तोडायचा, कुठे लाडिक करायचा, कुठे नुसता टाकून पुढे जायचं, हे आपल्याला यजमानांनी शिकवलं असं त्या आयुष्यभर सांगत आल्या. त्यांचं आत्मचरित्रही आहे, 'माझं गाणं, माझं जगणं'. मिळालं तर जरूर वाचा.

मग १९६२ ला 'रंगल्या रात्री अशा', १९६४ ला 'सवाल माझा ऐका', १९६५ ला 'मल्हारी मार्तंड'. वसंत पवारांच्या चाली. 'रंगल्या रात्री अशा' साठी जगदीश खेबुडकरांनी पहिल्यांदा लावणी लिहिली. खेबुडकर पेशाने शिक्षक! आमच्याच बिरादरीतले. फळ्यावर खडूने व्याकरण लिहिणारा माणूस रात्री घरी जाऊन असली लावणी लिहितो, याचा मला अजून अचंबा वाटतो आणि थोडा अभिमानही.

तर हे झालं त्यांचं. आता आमचं.

मी १९५० ची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका, जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. माझ्या आईने हिंगोलीचं घर न बदलता निजामाचं राज्य, नंतरचं हैदराबाद राज्य, १९५६ चं मोठं मुंबई राज्य आणि १९६० चा महाराष्ट्र, अशी चार राज्यं पाहिली. घरातलं राज्य मात्र एकच, आण्णांचं. आण्णा म्हणजे माझे वडील. माणूस वाईट नव्हता, पण 'तमाशा' हा शब्द घरात उच्चारायचा नाही. त्यांचं एकट्याचं काय सांगू, साऱ्या शिकलेल्या समाजाचंच ते मत होतं. तिकडे मुंबई राज्यात स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली होती, मग सुधारणेसाठी समिती नेमली, वग तपासून परवानग्या द्यायला सुरुवात केली. चांगल्या घरच्या माणसाने तमाशाला जाणं म्हणजे डोक्यावर टॉवेल घेऊन जाणं. बाईमाणसाने जायचा तर प्रश्नच नाही.

पण लावणी काही थांबते का? ती भोंग्यातून आली.

लग्नाच्या मांडवात स्पीकरवाला यायचा. त्याच्याजवळ तबकड्यांची पेटी, आणि चिंचेच्या नाहीतर लिंबाच्या झाडावर बांधलेला भोंगा. सकाळी गणपतीची गाणी, मग भक्तिगीतं, सनई. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मोठी माणसं आडवी झाली की दुपारच्या सुस्तीत तो हळूच सुलोचनाबाईंची तबकडी ठेवायचा. उसाच्या फडाची लावणी, सोळाव्या वर्षाची लावणी. खरकटी भांडी घासायला बसलेल्या बायकांचे हात एकदम जलद चालायला लागायचे. कुणी काही बोलायचं नाही. एकमेकींकडे बघायचंही नाही. पण राख आणि नारळाच्या शेंड्या त्या ठेक्यावर चालायच्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दसऱ्याला रामलीला मैदानावर प्रदर्शन भरायचं (आमचा हिंगोलीचा दसरा केवढा जुना आणि केवढा मोठा, ते पुन्हा कधीतरी लिहीन), तिथेही पाळण्यांच्या गजरात मधूनच हाच आवाज. बायका पाळण्याच्या रांगेत उभ्या राहून ऐकायच्या. पाळण्यासाठी उभं राहिलं तर कुणी नाव ठेवत नाही ना!

नंतर शेजारच्या काकांकडे रेडिओ आला, मग आमच्याकडे. केंद्रात बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री होते तेव्हा त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीच्या दाराबाहेर ठेवलं होतं, आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला होता. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. पण लोकांचा कान आदेशाने वळत नाही. १९५७ ला विविध भारती सुरू करावीच लागली. आमच्या घरी रेडिओ आला तोवर हे सगळं निवळलं होतं. दुपारी आई कामं उरकून रेडिओजवळ निवडायचं सूप घेऊन बसायची. बाईंची लावणी लागली की आवाज इतका बारीक करायची की सुपातल्या खड्याचा आवाज मोठा वाटावा. आणि दारात चप्पल वाजली की, "अगं, कान पिळ त्याचा, तुझे आण्णा यायलेत!"

आता मुख्य गोष्ट. आकाशवाणीवर 'आपली आवड' हा कार्यक्रम असायचा. श्रोते पोस्टकार्डावर गाण्याची फर्माईश लिहून पाठवत आणि गाण्याआधी त्यांची नावं वाचली जात. हिंदीत झुमरीतलैयाचं नाव या फर्माइशींनीच घराघरांत पोचवलं. मी दहावीत असेन. आईला लिहिता यायचं, पण अक्षराची लाज वाटे. एका दुपारी तिने मला पोस्टकार्ड आणायला लावलं आणि लिहायला सांगितलं. गाणं सुलोचनाबाईंचं, 'मल्हारी मार्तंड' मधलं. मी लिहिलं आणि खाली नाव कुणाचं घालू म्हणून विचारलं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या मामाचं घाल."

माझा मामा वारकरी. गळ्यात माळ, आषाढीला पंढरी, कार्तिकीला आळंदी. महिना दीड महिना गेला आणि एका रात्री रेडिओवरून त्या चांगल्या माणसाचं नाव, गावासकट, लावणीची फर्माईश करणाऱ्यांच्या यादीत वाचलं गेलं. आई अंधारात हसत होती, पदर तोंडात कोंबून. मामाला गावात लोकांनी आठ दिवस पिडलं. त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की हा उद्योग कुणाचा. त्यानंतर आईने आणखी तीन-चार फर्माइशी पाठवल्या, दर वेळी वेगळ्या भावाच्या नावाने. आईला पाच भाऊ होते, सोय होती.

हे मी गंमत म्हणून सांगितलं खरं, पण त्यात एक इतिहासाची गोष्ट लपलेली आहे असं मला हल्ली वाटू लागलंय. फर्माईश हा तमाशाच्या बोर्डावरचा शब्द. तिथे प्रेक्षक नोट पुढे करतो, आपल्या आवडीची लावणी मागतो, आणि नाचणारी पुढे येऊन ती नोट घेते, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. याला दौलतजादा म्हणतात. म्हणजे चाहता आणि गाणारी यांच्यामध्ये अंतर किती, तर हाताएवढं. आणि तो हात नोटेपाशी थांबेलच असं नाही. 'आपली आवड' ही दौलतजादाच होती, नोटेच्या जागी पोस्टकार्ड. नाव पुकारलं जातं, लावणी सुरू होते. फक्त हात पोचत नाही. तबकडीने आणि रेडिओने हे एक मोठं काम करून टाकलं. गाणारीला हातापासून सोडवलं, आणि माझ्या आईसारख्यांना, ज्यांना त्या फडात पाऊलही टाकता आलं नसतं, त्यांना मागायची सोय झाली. भावाच्या नावाने का होईना.

रेडिओत आणि भोंग्यात हे ठीक आहे. पण सुलोचनाबाई मंचावरूनही गायच्या, गावोगावी, कितीतरी वर्षं, पुष्कळदा कुठल्या संस्थेला निधी उभा करून देण्यासाठी. तिथे समोर माणसं असणार. त्यांनी गाणी ऐकलेली, पडद्यावर जयश्री गडकर पाहिलेली. शिट्टी मारायला तोंडात बोटं घालूनच बसलेली. आणि पडदा उघडला की समोर कोण, तर दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून घेतलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली, मायक्रोफोनसमोर न हलता उभी राहिलेली एक गृहिणी. हातवारे नाहीत, डोळे मोडणं नाही. जे काय करायचं ते सगळं गळ्यात. लाडिक, खट्याळ, रागावलेला, आर्जवी, सगळे भाव शब्दांच्या फेकीत. रेडिओने जे अंतर फुकट दिलं होतं, ते त्या मंचावर स्वतः घेऊन येत होत्या. पुढे त्यांचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीला बसू लागले (नट विजय चव्हाण निराळे, घोटाळा नको). आई गाते आणि मुलगा ढोलकी वाजवतो, अशा बैठकीत शिट्टी मारायची म्हटलं तरी जीभ अडखळत असणार.

मी त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्याकडे टीव्ही १९८५ च्या सुमारास आला, तेव्हा एकदा दूरदर्शनवर पाहिलं. आई तोपर्यंत साठीला आलेली, आण्णा जाऊन वर्ष झालेलं. वीस वर्षं आवाज ऐकलेला, चेहरा कधी नीट पाहिलेला नाही. तिच्या मनात कसलं चित्र होतं कोण जाणे. पडद्यावर बाई दिसल्या तशी ती पुढे सरकून बसली. "हीच का ती?" म्हणाली. "अगं, ही तर आपल्या मोठ्या वन्संसारखी दिसायली!" आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. उठून आवाज मोठा केला.

त्या दिवसापासून आई शेजारणींना राजरोस सांगू लागली की मला सुलोचनाबाई आवडतात. 'किती सोज्वळ आहेत बाई', हे तिचं पालुपद. आणि पुष्कळ घरांत असंच झालं. पदराने काम केलं. श्रीनिवास खळ्यांच्या चालीवरची, राजा बढ्यांची विड्याच्या पानाची बैठकीची लावणी ऐकून नाक मुरडणारेही मान डोलवू लागले. चोरून ऐकणारे उघड ऐकू लागले, शिट्टीवाले टाळी वाजवू लागले, आणि शेवटच्या वर्षांत तर त्यांना पाया पडायला रांग लागायची. एका गायिकेने आपल्या चाहत्यांना असं हळूहळू घडवत नेलं याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही. लताबाईंचं वेगळं. लोकांनी त्यांना पहिल्यापासून देवघरातच बसवलं होतं. सुलोचनाबाईंना तिथवर फडाच्या दारातून चालत यावं लागलं.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. इथेच थांबले असते तर कात्रणांत आणि माझ्या लेखात फरक राहिला नसता.

त्याच काळात दुसऱ्या एका बाई होत्या. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. म्हणजे सुलोचनाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान. वडील आणि चुलते यांचा भाऊ-बापूंचा फड नावाजलेला, आणि विठाबाई त्या फडाचं सोनं. १९५७ ला राष्ट्रपतींचं पदक, पुन्हा १९९० ला. गाणं, नाच, वगातली भूमिका, सगळं एकटीच्या अंगात. त्यांचे चाहते कोण? शेतावरचे गडी, हमाल, बाजारकरी, लष्करातले जवान. पाच-सात कोस चालून येऊन रात्र जागवणारी माणसं. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते ती तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली, पोटाला घट्ट बांधून पुन्हा पुढे आल्या, कारण लोक खोळंबले होते. पुढे आल्यावर लोकांच्या लक्षात आलं, आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला.

ही गोष्ट नेहमी कलावंताच्या निष्ठेची म्हणून सांगतात. मला मात्र ती ऐकताना प्रत्येक वेळी समोरचा प्रेक्षक दिसतो. आधी आरडाओरडा करणाराही तोच आणि हात जोडणाराही तोच. त्याला कुणी आधी सांगितलं असतं तर त्याने आधीच हात जोडले असते का? मला वाटतं, जोडले असते. पण सांगायचं कुणी? तंबूत पैसे परत मागितले असते तर फड कसा चालायचा? चाहता वाईट नव्हता, त्याच्या आणि बाईच्या मध्ये तिकीट होतं. सुलोचनाबाईंना घरी बसून आजच्या दिवस गात नाही म्हणायची सोय होती. तबकडी वाजतच राहायची.

विठाबाईंची शेवटची वर्षं पैशाच्या ओढगस्तीत आणि आजारपणात गेली. दवाखान्याच्या बिलासाठी लोकांपुढे हात पसरावे लागले. १५ जानेवारी २००२ ला त्या वारल्या. पुढे २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतं. मेल्यावर नाव निघालं, हेही नसे थोडके.

मी मराठी शिकवलं, म्हणून एक गोष्ट कानाला खटकते. आपल्याकडे साधं बोलतानाही 'सुलोचनाबाई गायल्या' म्हणतात आणि 'विठा नाचायची' म्हणतात. एक 'त्या', दुसरी 'ती'. दोघींचं वय जवळपास सारखं, दोघींची लावणीच. आदरार्थी बहुवचन कुणाला लावायचं हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं, ते पदराच्या लांबीवर ठरतं, आणि जातीवरही. ते कुणी म्हणत नाही एवढंच. आमच्या आईला सुलोचनाबाई सोज्वळ वाटल्या म्हणून तिने आवाज मोठा केला. विठाबाईंचा कार्यक्रम लागला असता तर केला असता का? मला तिची आठवण कितीही गोड असली तरी, नसता केला.

चित्रपटांनी यात भरच घातली. १९५९ ला अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला, पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, आणि तमाशापटांची लाटच आली. पण त्या लावणीत बघा काय व्हायचं. लिहिणार कुणी कवी, गाणार सुलोचनाबाई नाहीतर आशाबाई, नाचणार जयश्री गडकर नाहीतर लीला गांधी. खरी तमाशातली बाई या साखळीत कुठेच नाही! तिचा ठेका घेतला, तिची नऊवारी घेतली, तिचे घुंगरू घेतले आणि तिला तंबूतच ठेवलं. प्रेक्षकाला आता तमाशा पाहायला टॉवेल घेऊन जायची गरज उरली नाही, कुटुंबाला घेऊन टॉकीजला जाता येत होतं. १९७२ ला 'पिंजरा' आला तेव्हा तर आम्हा शिक्षकांची पंचाईत झाली होती. तमाशाच्या नादाने धुळीला मिळालेला मास्तर! गाणी पुन्हा मास्तर खेबुडकरांचीच. मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या शाळेतले गुरुजी बाजारातून जाऊ लागले की टारगट पोरं मागून ढोलकीचे बोल काढायची.

शाळेचं निघालंच आहे तर आणखी एक सांगते. ऐंशीच्या दशकात मी ज्या गावच्या शाळेत होते, तिथे संमेलनात सातवीच्या दोन मुलींना लावणीवर नाच करायचा होता. गाणं सुलोचनाबाईंचंच, मुली गुणी, नाच सोवळा. वरून नकार आला. गाव काय म्हणेल? बरं. आठ दिवसांनी यादी पाहते तर लावणी यादीत आहेच. नाचणार कोण, तर आठवीतला मुलगा, नऊवारी नेसून! तो नाचला, गाव लोटपोट हसलं, पुढारी मंडळींनी बक्षिसं लावली. नोटा पोराच्या पदराला टाचल्या. त्या दोन मुली पडद्यामागे उभ्या राहून त्याच्या निऱ्या नीट करत होत्या, कारण त्याला नेसता येत नव्हती. मला तो निर्णय त्या दिवशीही पटला नव्हता, आजही पटत नाही.

नंतर काळ पालटला. सुरेखा पुणेकरांनी 'नटरंगी नार' घेऊन लावणी नाट्यगृहांत नेली, खुर्च्यांवर कुटुंबं बसू लागली. मग खास बायकांसाठी लावणीचे खेळ निघाले. एकीने मला एकदा तिकडून फोन करून सांगितलं की इथे आम्ही सगळ्याजणी शिट्ट्या मारायलोत, आणि तिला स्वतःलाही दोन बोटांची शिट्टी येते हे तिला वयाच्या पन्नाशीत कळलं. आमच्या शेजारी नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत अजून फड उतरतात. तिथे लावणी महोत्सवही भरतो. आता पुढच्या रांगेत बायका दिसतात असं ऐकते.

आणि योगायोग पाहा. ज्या हिवाळ्यात सुलोचनाबाई गेल्या, त्याच हिवाळ्यात गावोगाव गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांना गर्दी लोटत होती. पोरं झाडांवर, पत्र्यांवर, कौलांवर. पोलिसांच्या काठ्या. तिच्या हावभावांवरून जुन्या लावणी कलावंतांनी तिला खडसावलं, तिने माफीही मागितली. २०२३ च्या फेब्रुवारीत तिचं कपडे बदलतानाचं चोरून केलेलं चित्रण कुणीतरी पसरवलं आणि गुन्हा दाखल झाला. तबकडीने जे अंतर दिलं होतं ते मोबाइलने परत काढून घेतलं. दौलतजादाचा हात निदान समोरून तरी यायचा. सोशल मीडियावर या मुलीला शिव्या देताना लोक लिहीत होते, सुलोचनाबाई बघा, दोन्ही खांद्यांवर पदर! हे वाचून मला मात्र राग आला. सुलोचनाबाईंनी पदर घेतला तो त्यांच्या मनाने, त्यांच्या रीतीने. तो उचलून दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकायचा आणि मग विचारायचं की तू का नाही घेत, हा त्यांच्या गाण्याचा मान नाही. चोरून चित्रण करणाऱ्याला कुणी विचारलं का, की तुझे आजोबा कसे ऐकत होते?

असो. जरा चिडूनच लिहिलं गेलं. आमचा भाचा वाचून फोन करेलच, 'मावशी, जपून!'

यंदाच्या संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू होतं. वीस-पंचवीस बायका, तिळगूळ, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. गाणी म्हणायची टूम निघाली तेव्हा माझ्याहून मोठ्या एका काकूंनी उसाच्या फडाची लावणी धरली. बसूनच, पण आवाज अजून खणखणीत. मधे कडवं विसरल्या तर सुनेने पुढचं सांगितलं. कुणी खिडकी लावली नाही. मग मी मुद्दामच विचारलं की विठाबाईंची एखादी कुणाला येते का? सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "विठाबाई, म्हणजे मंगला बनसोडेची आई ना?" नाव माहीत होतं. लावणी कुणालाच येत नव्हती. मलाही नाही.